ताप किती, यापेक्षा मूल कसं

१९८० च्या दशकाच्या अखेरीस गडचिरोली जिल्ह्यातल्या खेड्यांत न्यूमोनियानं लहान मुलं दगावत होती. त्यावरचं औषध स्वस्त होतं आणि तोंडानं देता येत होतं. अडत होतं ते निदानाशी. डॉक्टर दूर, एक्स-रेचं तर नावच नको. गावात हाताशी होते ते थोडंफार शिकलेले आरोग्यसेवक आणि शाळेची पायरीही न चढलेल्या दाया. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं अशांसाठी एक साधन तयार केलं. एका मिनिटाची वाळूची घडी आणि तिच्यासोबत मण्यांच्या दोन ओळी. बाळाच्या पोटाकडे पाहायचं, दहा श्वास बोटांवर मोजायचे आणि एक मणी सरकवायचा. पुन्हा दहा श्वास, पुन्हा एक मणी. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी सहा मण्यांची ओळ, त्याहून मोठ्यासाठी पाच मण्यांची. वाळू संपायच्या आत ओळीतला शेवटचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया धरायचा आणि औषध सुरू करायचं.

१९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या प्रयोगाचे आकडे छापून आले. जिथे गावातच अशी तपासणी आणि उपचार मिळाले, तिथे पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे वर्षाला न्यूमोनियाचे ८.१ मृत्यू झाले. प्रयोगाबाहेरच्या गावांत हाच आकडा १७.५ होता.

या माणसांनी रक्त तपासलं नव्हतं की जंतूचं नाव विचारलं नव्हतं. त्यांनी मुलाकडे एक मिनिट नीट पाहिलं होतं. आजारी मुलाच्या घरात सहसा वेगळेच प्रश्न चाललेले असतात: ताप किती आहे? कशानं झालं? थंड काय खाल्लं होतं? कुठलं औषध देऊ? यातल्या एकाही प्रश्नाच्या उत्तरातून मूल धोक्यात आहे की नाही, ते कळत नाही. १०३ ताप असलेलं मूल खेळत असतं आणि ९९ ताप असलेलं मूल अत्यवस्थ असू शकतं. लहानपणीच्या आजारांची नावं पुष्कळ आहेत; त्यातले बहुतेक आपोआप बरे होतात. जे जिवावर बेततात, ते मुलाच्या श्वासातून, पिण्यातून, लघवीतून आणि जागेपणातून आधी दिसतात. हे पाहायला घरातल्या माणसाइतकं जवळचं कुणीच नसतं.

आत्ता निघायचं की सकाळी बघायचं?

आशाताई, अंगणवाडी सेविका आणि परिचारिका यांना बालआजारांच्या प्रशिक्षणात सर्वांत आधी चार गोष्टी शिकवतात. जागतिक आरोग्य संघटनेनं ठरवलेली ही लक्षणं दोन महिने ते पाच वर्षांच्या मुलासाठी आहेत. यातलं एकही दिसलं तर आजार कुठला हा विचार नंतर. मूल दवाखान्यात आधी.

पहिलं, मूल काहीच पिऊ शकत नाही. जेवण नाकारणं वेगळं. आजारी मूल जेवत नाहीच. पण अंगावर पिणारं बाळ छातीला लावल्यावर ओढतच नसेल, किंवा चमच्यानं घातलेलं पाणी तोंडाच्या कडेनं बाहेर येत असेल, तर ते गंभीर आहे. दुसरं, पोटात गेलेलं सगळंच उलटून पडतं. एखाद-दोन उलट्या झाल्या, तर थोडं थांबून पुन्हा पाजून पाहायचं. प्रत्येक घोट बाहेर येऊ लागला, की घरी बसून औषध पाजण्यात अर्थ उरत नाही. तिसरं, या आजारात आकडी आली. चौथं, मूल मलूल होऊन पडलं आहे, हाक मारली तरी नजर देत नाही, उचललं तर मान टाकतं किंवा जागच होत नाही.

चौथ्या लक्षणात घरची माणसं सर्वांत जास्त फसतात, कारण ‘शांत झोपलंय, झोपू दे’ असं वाटतं. तापात मूल झोपाळू होतंच. फरक ओळखायचा तर ताप उतरल्यावर पाहावं. पॅरासिटामॉल दिल्यावर तास-दीड तासानं ते उठून बसतं, खेळणं मागतं, चिडतं, रडतं, तर काळजी कमी. चिडचिड करायलाही अंगात ताकद लागते. ताप उतरूनही मूल तसंच निपचित असेल, तर रात्र असो की पाऊस, निघायचं. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते.

श्वास कसा मोजायचा

सर्दी-खोकला हा बालवाडीतल्या मुलांचा नित्याचा पाहुणा. पाच वर्षांखालच्या मुलाला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणं हे त्याच्या कमकुवतपणाचं लक्षण नव्हे. प्रत्येक वेळी विषाणू वेगळा असतो आणि शरीर एकेकाशी ओळख करून घेत असतं. सर्दीचे पहिले दोन-तीन दिवस जोराचे असतात. खोकला मात्र दोन-तीन आठवडेही रेंगाळतो. शेंबूड पांढऱ्याचा पिवळा किंवा हिरवा झाला, म्हणजे अँटिबायोटिक लागतं असं नाही. सर्दी मुरताना त्याचा रंग बदलतोच.

या असंख्य सर्दी-खोकल्यांतून न्यूमोनिया वेगळा काढायचा, तर पुन्हा श्वासाकडेच यावं लागतं. मूल शांत असताना किंवा झोपेत असताना सदरा वर करा. हात लावू नका, कुशीतून उचलू नका. मोबाइलवर एका मिनिटाचा गजर लावा आणि पोट वर येईल तेव्हा एक, पुन्हा वर येईल तेव्हा दोन, असं पूर्ण मिनिटभर मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका. लहान मुलांचा श्वास मध्येच थांबतो, मध्येच धावतो, त्यामुळे हिशेब चुकतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद श्वास. तान्ह्या बाळाचा आकडा ६० च्या वर आला, तर लगेच दुसऱ्यांदा मोजा. मूल रडून थांबलं असेल किंवा ताप चढलेला असेल, तर ते निवल्यावर पुन्हा मोजा. आकडा तरीही वरच असेल, तर खोकला साधा नाही.

आकड्याबरोबर छातीचा आकारही पाहायचा. श्वास आत घेताना बरगड्यांच्या खालची बाजू आत ओढली जाते का? खेडोपाडी याला ‘पोट उडतंय’ म्हणतात. नाकपुड्या फुलतात का? प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येतो का? ओठ किंवा जीभ निळसर दिसते का? शांत असतानाही श्वास आत घेताना घशातून कर्कश आवाज येतो का? यातलं काहीही दिसलं, की आकडा मोजत बसायची गरज नाही. उलट, बाळाच्या पाठीला हात लावल्यावर जाणवणारी घरघर बऱ्याचदा नाकात साठलेल्या शेंबडाची असते. बाळ मजेत पीत असेल आणि श्वास ठीक असेल, तर तिला घाबरायचं कारण नाही.

खोकल्याच्या बाटलीतलं संकट

खोकला ऐकवत नाही म्हणून घरात बाटली येते. पण लहान मुलांच्या सर्दी-खोकल्याला या औषधांचा फारसा उपयोग होत नाही. झोप, चिडचिड, धडधड असे दुष्परिणाम मात्र होतात. डिसेंबर २०२३ मध्ये भारताच्या औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन यांचं सर्दीचं लोकप्रिय मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना बाटलीवर छापायला सांगितली. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तर मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या एका सिरपनं वीसहून अधिक मुलांचा बळी घेतला; त्यातली अनेक मुलं उपचारांसाठी नागपूरला आणली होती. त्या सिरपमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे औद्योगिक रसायन मिसळलेलं निघालं. ते मूत्रपिंडं निकामी करतं: आधी उलट्या होतात, मग लघवी थांबते. महाराष्ट्राला हे रसायन नवं नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये भेसळीच्या ग्लिसरीनमधून याच रसायनानं १४ रुग्णांचा जीव गेला होता.

छिंदवाड्याच्या घटनेनंतर केंद्रीय आरोग्य खात्यानं पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं लिहून देऊच नयेत आणि पाच वर्षांखालच्या मुलांनाही सहसा देऊ नयेत. मग करायचं काय? नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे औषधी थेंब घालून नाक पुसायचं, विशेषतः पाजण्याआधी. कोमट पाणी, पातळ पेज, सूप. वर्षापुढच्या मुलाला झोपताना अर्धा-एक चमचा मध. रात्रीचा खोकला त्यानं थोडा निवतो. वर्षाच्या आत मात्र मधाचं बोटसुद्धा नको, बाळगुटीतही नको. मधात बॉट्युलिझमच्या जंतूंची बीजं असू शकतात आणि तान्ह्या आतड्यात ती रुजून अंग लुळं पाडणारं विष तयार करतात.

काही घरगुती उपायांतून मात्र आजारापेक्षा मोठं दुखणं उद्भवतं. नाकात तेल सोडलं तर ते फुप्फुसात उतरून तिथे सूज आणतं. कापूर पोटात गेला किंवा नाकाशी जास्त आला, तर आकडी येऊ शकते. त्याची पुरचुंडी उशाशी ठेवू नये, दोन वर्षांखालच्या मुलाला कापराचा बाम लावू नये. धुरीनं श्वासनलिका आणखी आवळतात. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफ देताना भाजलेली मुलं दरवर्षी दवाखान्यात येतात. मेळघाटात पोट फुगलेल्या किंवा धाप लागलेल्या तान्ह्याच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके देतात, त्याला ‘डंबा’ म्हणतात. आजारी बाळाला त्यातून जखमा होतात, जंतुसंसर्ग होतो आणि दवाखान्यात पोचायचा वेळ वाया जातो.

ताप हा आजार नव्हे

जंतू शिरल्यावर शरीर स्वतःच तापमान वाढवतं. मेंदूतलं एक केंद्र ‘आता ३७ ऐवजी ३९ अंश’ असं ठरवतं आणि मग अंग त्या पातळीवर जायला धडपडतं. म्हणूनच ताप चढताना मूल कुडकुडतं आणि हात-पाय गार पडतात. या वेळी त्याला थंड पाण्यानं पुसलं, तर ते आणखी थरथरतं आणि ताप वाढतो. पातळ कपडे, खेळती हवा आणि भरपूर पाणी पुरेसं आहे. पुसायचंच असेल, तर साध्या कोमट पाण्यानं, आणि मूल रडत नसेल तोवरच. गोधड्यांचा ढीग आणि बंद खिडक्या नकोत.

काखेत धरलेल्या डिजिटल तापमापीचा आकडा अंगाला हात लावून केलेल्या अंदाजापेक्षा चांगला. ताप १००.४ फॅरनहाइटच्या पुढे गेला म्हणून औषध द्यायलाच हवं असं नाही. मूल त्यानं हैराण झालं असेल तर द्यायचं. औषध पॅरासिटामॉल. मात्रा मुलाच्या वजनावर ठरते, वयावर नाही: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत निदान चार ते सहा तासांचं अंतर, दिवसाला चारपेक्षा जास्त मात्रा नाहीत. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही.

खरा घोळ बाटलीवर होतो. औषधाच्या दुकानात एकाच पॅरासिटामॉलच्या तीन तऱ्हा मिळतात. एकीत पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम औषध असतं, दुसरीत तेवढ्याच पाच मिलिलिटरमध्ये २५०, आणि तान्ह्यांच्या थेंबांच्या बाटलीत एकाच मिलिलिटरमध्ये १००. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचं झालं, तर पहिल्या बाटलीतून ६ मिलिलिटर, दुसरीतून ३ आणि थेंबांतून दीड. मागच्या आजारात ‘सहा मिली’ पाजलं होतं हे डोक्यात ठेवून या वेळी दुसरी बाटली उघडली, की मात्रा दुप्पट. थेंबांची बाटली असेल तर चौपट. जास्त झालेलं पॅरासिटामॉल यकृतावर उठतं. त्यामुळे लेबल वाचायचं आणि घरातल्या चमच्याऐवजी बाटलीसोबत मिळणारी खुणांची कपी किंवा पिचकारी वापरायची. मोठ्यांची अ‍ॅस्पिरिन मुलांना कधीही द्यायची नाही. पावसाळ्यात डेंग्यूची शंका असेल तर आयब्युप्रोफेनही नको. त्यानं रक्तस्राव वाढू शकतो.

डेंग्यू इतर तापांपेक्षा एका बाबतीत वेगळा आहे: धोका ताप उतरताना सुरू होतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप गेला म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि नेमकं तेव्हाच रक्तवाहिन्यांतलं पाणी पाझरू लागतं. पोटात सतत दुखणं, पुन्हा पुन्हा उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गार चिकट हातपाय, अस्वस्थ किंवा सुस्त मूल, सहा तासांत लघवी नाही: यातलं काहीही दिसलं तर प्लेटलेटचा आकडा येईपर्यंतही थांबायचं नाही.

तापात आकडी आली की घर हादरतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना ती येते. बहुतेकदा एक-दोन मिनिटांत थांबते आणि मेंदूला इजा करत नाही. करायचं एवढंच: मुलाला जमिनीवर कुशीवर निजवायचं, गळ्याभोवतीचं सैल करायचं, तोंडातून येणारं पुसायचं आणि घड्याळ पाहायचं. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवून आकडी थांबत नाही. पाच मिनिटांत थांबली नाही, तर थेट दवाखाना. थांबली तरी लगेच डॉक्टरांना दाखवायला हवं, कारण मेंदूज्वर नाही ना, हे त्यांनीच तपासायचं असतं.

जुलाब: पाणी आधी, औषध नंतर

१९७१ च्या बांगलादेश युद्धात बंगालच्या सीमेवरच्या बनगाव इथल्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ-साखरेचं मिश्रण पाण्यात घोळून पिंपांतून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिलं. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेला मृत्युदर तोंडानं पाणी पाजलेल्यांत ४ टक्क्यांच्या आत आला. यामागचं शास्त्र दहा-अकरा वर्षं आधीच कळलेलं होतं: आतड्याला ग्लुकोज मिळालं, की ते सोबत सोडियम आत ओढतं आणि सोडियमच्या मागोमाग पाणी जातं. जुलाब चालू असतानाही हे दार उघडं राहतं. महालनोबीस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

अशाच मिश्रणाची, म्हणजे ओआरएसची, आजची मोठी पुडी २०.५ ग्रॅमची असते आणि ती एक लिटर पाण्यासाठी असते. २०० मिलिलिटरसाठीच्या छोट्या पुड्याही मिळतात. घराघरांत चूक इथेच होते. एक लिटरची पुडी उघडतात, त्यातली दोन चमचे पूड पेलाभर पाण्यात घालतात आणि उरलेली कागदात गुंडाळून ठेवतात. पाणी फार खारट झालं तर मुलाच्या रक्तात मीठ वाढतं. फार पातळ झालं तर उपयोग नाही. पुडी एकदम पूर्ण घालायची, पाणी मोजून घ्यायचं आणि तयार पाणी २४ तासांनी टाकून द्यायचं. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ताक, मीठ घातलेली भाताची पेज हेही चालतं. बाटलीबंद फळांचे रस आणि थंड पेयं नकोत; त्यातली जादा साखर जुलाब वाढवते. नावात ‘ओआरएस’ असलेली गोड पेयं बाजारात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र न पाळणाऱ्या पेयांना हे नाव वापरायला मनाई केली. तरीही खोक्यावर हे सूत्र लिहिलेलं आहे का, हे पाहून घ्यावं.

दोन वर्षांखालच्या मुलाला दर पातळ शीनंतर पाव ते अर्धा कप, मोठ्याला अर्धा ते एक कप. घटाघट पाजलं तर उलटी होते. चमच्या-चमच्यानं, मिनिटा-दोन मिनिटांच्या अंतरानं. उलटी झालीच तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. ‘पोटाला आराम’ म्हणून उपाशी ठेवलेलं मूल लवकर बरं होत नाही, फक्त वाळतं. मऊ खिचडी, वरण-भात, दही, केळं चालू ठेवायचं. सोबत झिंक: सहा महिन्यांपुढे रोज २० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन ते सहा महिन्यांत अर्धी, पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून, जुलाब थांबले तरी पूर्ण चौदा दिवस. जुलाब एकदम बांधणारी मोठ्यांची औषधं मुलांना नकोत. शीत रक्त दिसलं, तरच अँटिबायोटिकचा प्रश्न येतो आणि तोही डॉक्टरांकडे.

शरीरातलं पाणी कमी झालं का, हे कसं ओळखायचं? डोळे खोल गेलेले, रडताना अश्रू नाहीत, तान्ह्याची टाळू आत गेलेली, सहा तासांत शू नाही. पोटावरची कातडी बेंबीच्या बाजूला चिमटीत धरून सोडा. ती दोन सेकंदांहून जास्त वेळ तशीच उभी राहिली, तर पाण्याची तूट फार आहे. मूल अधाशासारखं पाणी पीत असेल तर पाजत राहा आणि दाखवून या. पिण्याचीही ताकद उरली नसेल तर सलाइन लागेल. ‘दात येतायत, जुलाब होणारच’ या समजुतीनं अनेक बाळं उशिरा दवाखान्यात पोचतात. दात येण्याच्या वयातच बाळ रांगतं, दिसेल ते तोंडात घालतं आणि आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत असते. जुलाब जंतूंचे असतात, दातांचे नाहीत.

अंगावर उठलं तर

अंगावर उठलेल्या पुरळाचं नाव ठरवण्यापेक्षा क्रम पाहावा. गोवरात आधी तीन-चार दिवस ताप, खोकला, वाहतं नाक, लाल डोळे. मग कानामागून, केसांच्या कडेनं पुरळ निघून खाली उतरतं. कांजिण्यांत पाण्याचे फोड टप्प्याटप्प्यानं येतात; एकाच वेळी काही ताजे, काही खपली धरलेले. तळहात, तळपाय, ढुंगण आणि तोंडात फोड असतील तर बालवाड्यांत पसरणारा हात-पाय-तोंडाचा विषाणूजन्य आजार. आठ-दहा दिवसांत जातो, गिळताना दुखतं म्हणून गार, मऊ खाणं द्यावं.

यांत गोवर सर्वांत वाईट. पुरळ गेल्यावरही तो मुलाची जुनी प्रतिकारशक्ती पुसून टाकतो, मागोमाग न्यूमोनिया आणि जुलाब येतात. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीपासून सुरू झालेल्या साथीत मुलं दगावली. ‘माता आली’ म्हणून अंघोळ आणि डाळ-भाजी बंद करणं घातक आहे. गोवरात अ जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा लागोपाठच्या दोन दिवशी आरोग्यकेंद्रात द्यायच्या असतात. डोळे आणि जीव दोन्ही त्यानं वाचतात. आणखी एक खूण लक्षात असू द्या: लालसर-जांभळे ठिपके काचेच्या पेल्यानं दाबले तरी विरत नसतील आणि ताप असेल, तर तो रक्तस्राव आहे, तासही घालवायचा नाही.

दोन महिन्यांच्या आतलं बाळ

इतक्या लहान बाळाला वरचे ‘थांबून बघू’चे नियम लागू नाहीत. त्याचा आजार आवाज करत नाही. दूध ओढणं कमी झालं, रडणं क्षीण झालं, डिवचल्याशिवाय हातपाय हलत नाहीत, पोट फुगलं, बेंबीतून पू आला, तळवे पिवळे झाले, काखेतला ताप ९९.५ च्या वर गेला किंवा अंगच गार पडलं: यातलं एक पुरे. गडचिरोलीतच आरोग्यदूत स्त्रियांनी घरोघरी जाऊन नवजात बाळं तपासली, तेव्हा तीन वर्षांत तिथल्या नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट झाली. १९९९ मध्ये हे निष्कर्ष छापून आले आणि २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात, तो उपक्रम त्यातूनच आला. त्या आल्या की बाळाला उघडं करून दाखवावं, दुपटं गुंडाळून नव्हे.

या लेखातल्या तीन मोठ्या आजारांवर सरकारी केंद्रात मोफत लस आहे. रोटाव्हायरसच्या जुलाबांची लस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना. न्यूमोकॉकल न्यूमोनियाची सहा व चौदा आठवड्यांना आणि नऊ महिन्यांना. गोवर-रुबेलाची नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांत. साधी सर्दी किंवा कणकण आहे म्हणून लस पुढे ढकलू नये.

दवाखान्यात जाताना कागदावर चार ओळी लिहून न्या: आजार कधी सुरू झाला, ताप कधी किती होता, शेवटची शू किती वाजता झाली, श्वास किती मोजले. दिलेल्या औषधांच्या बाटल्या पिशवीत घाला. ‘ते गुलाबी सिरप’ एवढ्यावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही. इंजेक्शन, सलाइन किंवा ‘स्ट्राँग औषध’ मागू नका. त्याऐवजी निघताना विचारा, ‘काय दिसलं तर याला परत आणू?’ आज ठीक वाटलेलं मूल उद्या बिघडू शकतं, आणि ते बिघडताना डॉक्टर समोर नसतात, घरचे असतात. त्या प्रश्नाचं उत्तर औषधांच्या यादीखाली लिहून घ्या.